चौथा पाय

“बोटभर कापला की झालं, ताई. मंग हलायची नाय,” असे म्हणत साहेबराव सुताराने खुर्चीच्या पायावर करवत टेकवली.

“थांबा!”

सुकेशनी एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडे शिल्पांवरचे प्लास्टिक काढणारी माणसे वळून बघू लागली.

छावणी भागातल्या एका जुन्या बंगलेवजा कोठीत संध्याकाळी प्रदर्शन उघडायचे होते. नव्या घडणीची शिल्पे, कलाकारांनी केलेले फर्निचर आणि त्यांत तिच्या वडिलांनी केलेली ही खुर्ची. पाठ ते कामाला होते त्या वाळूजच्या कारखान्यातल्या भंगार पट्ट्यांची, पाय बाभळीचे. अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचे नाव हजेरीपटाबाहेर एकदा तरी कुठे लिहिलेले दिसावे, म्हणून तिनेच खुर्ची आणली होती. नावाची पाटीही लागली होती. पण दिवाणखान्याच्या सपाट फरशीवर खुर्ची डुगडुगत होती.

“लोक बसून बघणार गं,” प्रदर्शन मांडणारी तनुजा म्हणाली. “कुणी पडलं तर? खाली पाचर मारली तर ती दिसते. नाहीतर या वेळी खुर्ची राहू दे.”

सुकेशनी व्हरांड्यात गेली, परत आत आली, पुन्हा बाहेर गेली. पायरीवर आई बसली होती.

“आई, घरी कधी हलली का गं ही?”

“हलंल कशी?” कस्तुराबाई म्हणाल्या. “चुलीपुढं मी खाली बसायची, दुसरी जागा कुठं व्हती? मोरीच्या कडंलाच बसायचे. एक पाय उतारावर यायचा, म्हनून त्यो लांब ठिवला. मी म्हनलं, वसरीत बसा की ऐसपैस. तर म्हनले, तिथं काय भिताडाशी बोलू?”

सुकेशनी तशीच आत गेली. खुर्ची उचलून ती या दालनातून त्या दालनात हिंडू लागली. मागच्या अंगाला जुने न्हाणीघर होते. रंगाचे डबे सारून तिने मोरीकडच्या उताराच्या कडेला खुर्ची टेकवली, फिरवली, पुन्हा फिरवली. खुर्ची गप्प उभी राहिली.

“इथं?” तनुजा मागोमाग आली. “इथं कुणी फिरकणारसुद्धा नाही.”

“नको फिरकू दे. पाय कापायचा नाही.”

“मोरीत बी प्रदर्शन व्हय!” म्हणत साहेबरावांनी डबे उचलले. तनुजा गेली आणि नावाची पाटी घेऊन आली.

संध्याकाळी दिवाणखाना माणसांनी भरून गेला. इकडे दोघे-तिघे डोकावले. एकाने विचारले, “बाथरूम इधरच है क्या?” आणि खुर्ची बघून “सॉरी” म्हणत तो परतला. सुकेशनी दारात उभी होती. पाटीवरचे नाव त्याने वाचले की नाही, तिला कळले नाही.

आई शोधत शोधत आली.

“बस ना आई.”

कस्तुराबाईंनी पदराने खुर्ची पुसली. मग भिंतीचा आधार घेत त्या खाली फरशीवर, खुर्चीला लागून बसल्या, आणि बोलताना करावा तसा त्यांनी चेहरा जरा वर केला.