सुरईचा गळा

पणजोबांनी ते खापर जमिनीतून काढले, आजोबांनी त्यावर ग्रंथ लिहिला, वडिलांनी ते संग्रहालयाच्या मधल्या दालनात काचेखाली सांभाळले. पणजोबा म्हणजे माझे सासरे, आजोबा माझे यजमान आणि वडील माझे चिरंजीव. त्यानंतरची माझी नात. तिच्या हाती खापर आले ते केवळ स्वच्छ करण्यासाठी.

तळहाताएवढा लाल तुकडा. त्यावर काळ्या रंगात एकामागून एक पोहणारे मासे. सासऱ्यांनी त्याभोवती प्लास्टरचे मोठे ताट घडवून घेतले आणि तुकड्याची पाठ त्यातच बुजवली. माझ्या नणंदेने, म्हणजे त्यांच्याच मुलीने, त्याआधी ती पाठ पाहिली होती. हे ताट नव्हे, सुरईचा गळा आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. "सिद्ध कर, भरल्या दालनात चूक कबूल करीन," असे म्हणून सासरे हसले. त्यांच्यामागे सारे हसले. वन्सं पुन्हा उत्खननावर गेल्या नाहीत. शाळेत भूगोल शिकवत राहिल्या.

नातीने प्लास्टर सोडवले आणि मला बोलावून घेतले.

"आजी, पाठीवरून बोट फिरव."

कुंभाराच्या बोटांचे वळ जसेच्या तसे होते. मला कुणी समजावण्याची गरज नव्हती. ताटाची पाठ हाताला लागते, ती कोणीही गुळगुळीतच करील. सुरईच्या गळ्यात डोकावतो कोण?

चिरंजीव कपाळाला हात लावून बसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आई. पुन्हा बसवून टाकू दे तिला. माझ्या आजोबांचं नाव आहे त्या ताटावर."

"आणि सफाईच्या अहवालावर माझी सही, बाबा," नात म्हणाली. पण पाहिले तिने माझ्याकडे.

"नाव आहे म्हणूनच," मी म्हणाले. "त्यांनी शब्द दिलाय. तू सही कर." मग चिरंजीवांकडे वळले. "आणि तू गाडी काढ. आत्याला घेऊन ये."

दालनात मी झाडून साऱ्या कर्मचाऱ्यांना बोलावले. वन्सं काठी टेकत आल्या.

"एवढी माणसं? कोण गेलं?"

मी उभी राहिले. "वन्सं, हा सुरईचा गळा आहे. तुम्ही बरोबर होता, मामंजी चुकले होते. या घरातली थोरली म्हणून, त्यांच्या वतीने, मी हे सर्वांसमोर कबूल करते."

त्यांनी खापर उलटे केले आणि अंगठा त्या वळांवर ठेवला.

"आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे वाकलीस, वहिनी."

"तुमच्यापुढे नव्हे, पुराव्यापुढे."

त्या हसल्या. "तेही चालेल. फिटलं सगळं. बाबांकडे आता माझं काही राहिलं नाही."