पन्हळीतली सोनकी

लालबागच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर गुणाजी उतेकर आणि मी भिंतीला भिंत लावून राहत होतो. तो गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा; मी तांत्रिक शिक्षण घेऊन त्याच गिरणीच्या इंजिन खात्यात लागलेला. त्याचे गाव पोलादपूरच्याही वर, सह्याद्रीला टेकलेले. दर भाद्रपदात तो गावी जाई आणि कातळमाथ्यावरची सोनकी ओल्या फडक्यात गुंडाळून आणी. त्यांच्या घरची गौर याच पिवळ्या फुलांची बांधत. विसर्जनाआधी तिच्यातला एक झुबका काढून वाळवत आणि चाळीच्या छपरावर टाकत. पुढच्या वर्षी गौरीला घर ओळखू यावे म्हणून.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात गुणाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला. भाद्रपद लागला तरी तो तुरुंगातच होता. त्याची बायको रखमावहिनी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामावर. तिला रजा नाही आणि गावी पाठवावे असे दुसरे माणूस नाही.

"सोनकीबिगर गौर उंबरा ओलांडायची नाय, भावजी," ती मला म्हणाली. "आन गौरच नाय आली, तर ह्ये तरी कशे येतील?"

"अगो, दादरला झेंडू ढिगानं पडलाय," समोरच्या कमलाबाई म्हणाल्या. "पिवळा तो पिवळाच."

"हळद लावली म्हणून कोणीबी नवरी होते काय, मावशी?"

कमलाबाई खळखळून हसल्या. वहिनीही हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

गौरी आणायच्या आदल्या दिवशी वहिनीच्या खोलीत, नेमके गौर बसवायच्या जागी, छपरातून पाणी ठिबकू लागले. कारण उघड होते. आमच्या चाळीची दोन कौलारू छपरे जिथे मिळतात तिथे एक रुंद पन्हळ आहे. पावसाळ्याआधी ती खरवडून साफ करण्याचे काम दरवर्षी गुणाजीचे. यंदा ते कोणीच केले नव्हते. मी शिडी लावली आणि खुरपे घेऊन वर चढलो.

डोके कौलांच्या वर निघाले आणि मी शिडीवरच थांबलो.

पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी झाली होती. शेवाळ, काजळी आणि फुटक्या कौलांचा चुरा, एवढ्यावर सोनकी उभी होती. मागे गिरणीची चिमणी धूर ओकत होती. कातरलेल्या कडांची पाने काळवंडली होती. फुलांवर मात्र काजळीचा कणही नव्हता. वाकून पाहिले, तर ज्याला आपण एक फूल म्हणतो, त्याच्या मधल्या चकतीत कितीतरी इवली फुले दाटीने बसलेली, प्रत्येक आपापल्या जागी पूर्ण. इतकी नेमकी जुळणी मी कोणत्याही यंत्रात पाहिली नव्हती.

उलगडा मला तिथेच झाला. छपरावर टाकलेल्या झुबक्यांतले बी वाऱ्याने पन्हळीत जमले असणार. उलगडा झाला, तरी अंगावरचा काटा उतरला नाही. खुरपे कमरेला खोचून मी हाक मारली.

वहिनी पदर खोचून शिडीवर आली. तिने पुढचे फूल नुसत्या बोटाने हलवले.

"वळखलंस गो बाय घर," ती म्हणाली. "आमीच खाली वाट बघत बसलाव."

दुसऱ्या दिवशी तिने गौरीपुरतीच सोनकी खुडली. गौरीची हळदीकुंकवाची पावले त्या वर्षी चाळीच्या दारापासून आली नाहीत. ती शिडीच्या पायथ्याशी सुरू झाली आणि उंबरा ओलांडून आत गेली. पन्हळ मी तशीच राहू दिली. गौर थोडी सरकवून तिच्या बाजूला पातेले ठेवले. त्यात थेंब वाजत राहिले.

गुणाजी दिवाळीच्या तोंडावर सुटला. ओवाळता ओवाळता वहिनीने पन्हळीतल्या सोनकीचे सांगितले, तशी त्याने आधी शिडी मागितली. वर फुलांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. वाऱ्यासरशी एकेक सुटून चिमणीच्या दिशेने चालली होती. गुणाजी पन्हळीशी उकिडवा बसला.

"म्हणजे दर वैशाखात," तो हळूच म्हणाला, "हिला मीच खरवडून टाकीत होतो की रे!"