आल्या आल्या सांगायचं

“फाइलीत लिहिलंय ना तुम्ही? मग मशीन ऐकत का नाही?” साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सगळ्या शाखांचे संगणक ढिम्म. शाखांकडून येणारी-जाणारी माहिती तपासणीच्या चाळणीतून न्यायची नाही, सरळ सोडायची, ही सेटिंग त्याने स्वतः लिहिली होती. ओळ जागच्या जागी होती. तरी दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी. मग तो तीच आज्ञा हाताने द्यायचा आणि शाखा सुरू व्हायच्या. ऑफिसात त्याला मांत्रिक म्हणत ते यामुळेच.

“आज मंत्र नको. मूळ शोधा,” साहेब म्हणाले.

त्याचं अर्धं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं. घरी आई एकटी होती. मागच्या खेपेला ती भर दुपारी बाहेर पडली, आणि टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. तेव्हापासून रोज सकाळी चहा पिताना तो तिला समजावायचा.

“आई, मी मोठा झालोय. ऑफिसला जातो. मला आणायला शाळेत जायचं नाही.”

“कळतं रे मला. वेडी समजतोस का?” आई म्हणायची, आणि त्या वेळी तिला खरंच कळलेलं असायचं.

फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या.

“अरे, तुझी आई माझा हात हिसडून गेली! शाळा सुटेल म्हणे. तू सकाळी सांगितलं होतंस ना?”

“रोज सांगतो, काकू.”

“सकाळची ती वेगळी होती रे. ही नंतर आलेली कुणी दुसरीच आहे. हिला कुणी सांगायचं?”

साहेब काहीतरी म्हणत होते. तो जिना उतरला, रिक्षात बसला, आणि वाटभर प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघत राहिला. रस्त्यात कुठे गर्दी जमलेली दिसली की रिक्षा थांबवायला लावायचा.

ती शाळेपर्यंत पोचली होती. फाटकाबाहेर इतर आयांमध्ये उभी होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. त्याच्या जिवात जीव आला.

“आई!”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “जरा बाजूला व्हा हो. माझा मुलगा दिसत नाही मला.”

“आई, मीच—”

“बाजूला व्हा म्हटलं ना!” ती घाबरून मागे सरली, थेट रस्त्यावर. हॉर्न वाजला. त्याने तिचा दंड धरला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला.

“बाई, मी शाळेतलाच आहे. तुमच्या मुलाला आज लवकर सोडलं. काकूंबरोबर घरी गेला तो.”

तिचा दंड सैल पडला. “डबा खाल्ला का त्याने?”

“खाल्ला.”

मग ती निमूटपणे त्याच्याबरोबर चालू लागली. रस्ता ओलांडताना परक्या माणसाला म्हणावं तसं “फार उपकार झाले हो,” म्हणाली. त्याला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात बसल्या बसल्या काकूंचं बोलणं आठवत होता, आणि एकदम सावध झाला. मशीन उठतं तेव्हा सगळ्या सेटिंग्ज एकदाच वाचून टाकतं. पण ही ओळ प्रणालीच्या ज्या तुकड्यासाठी, ज्या मॉड्यूलसाठी होती, ते त्या वेळी आलेलंच नसायचं. ते मागाहून यायचं, आपल्याच सवयी घेऊन. त्याने नवा नियम लिहिला, की ते मॉड्यूल येईल त्या क्षणी त्याची सेटिंग त्याला लागू कर. सर्व्हर पुन्हा सुरू केला. शाखा आपोआप चालू झाल्या.

“काय केलंत?” साहेबांनी विचारलं.

“सकाळी सांगितलेलं नंतर येणाऱ्याला कळत नव्हतं, साहेब. आता आल्या आल्या सांगायचं ठरवलंय.”

फोन वाजला. काकूंना त्याने तसंच बजावून ठेवलं होतं. आईने चपलेला हात लावला की लगेच फोन. “घे, बोल,” काकू कुजबुजल्या.

तो उठून उभा राहिला. “नमस्कार बाई, शाळेतून बोलतोय. मुलाला आम्हीच घरी पोचवतो आज. तुम्ही येऊ नका.”

“बरं झालं. त्रास देत नाही ना हो तो?”

“नाही.”

“हट्टी आहे जरा. पण माझ्यावाचून करमत नाही त्याला. सांभाळून पाठवा हं.”

“हो,” तो म्हणाला. “पाठवतो.”

साहेब कधीच बाहेर गेले होते. जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं होतं.