खाकरणारी खिडकी

जुनी खिडकी हाय मी, पोट्टेहो. धामणगाव बढ्यात शेषरावच्या माडीले बसवलेली. तवा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा. पुंजाजी सुतारानं मले बाभळीच्या लाकडातून घडवलं अन बिजागऱ्यायले असं तेल पाजलं, का उघडताना चिमणीलेही पत्ता लागू नये. लोक म्हणत, "खिडकी असावी तर अशी, मुकी!" पावसाळा नव्हता, तरी मी फुगली.

माह्या खाली शेजारच्या मंजुळाबाईचं आंगण. आंगणात तिची न्हाणी. चारही बाजूनं तुराट्याचा कूड, वरून उघडी. तिच्या सासूच्या वक्तापासूनची. माडी नव्हती तवा वरून पाहाले एक घार अन एक सूर्यनारायण.

मी बसली अन मंजुळाबाईचं उन्हातलं न्हाणं सुटलं. कोंबडा आरवाच्या आंधी कुडकुडत आंगावर पाणी घे. शेवटी तापानं फणफणली. उठली तशी तिनं पंच बोलावले.

"मी कव्हा पाह्यलं वो वहिनी?" शेषराव चिडला. "माह्यी भीत, माह्यी खिडकी! माडीवरच्या कापसाले हवा लागते म्हणून ठेवली."

"भाऊ, तुमी पाह्यलं असं मी म्हणलीच नाही. पण पाह्यलं का नाही, हे मले कसं कळावं? पाणी घेऊ का वर पाहू?"

"पाह्यलंच नाही, तर गुन्हा कायचा? जा, बुलढाण्याच्या कचेरीत इचारा!"

पंचातले म्हातारे अर्जुनराव उठले. "चला, वरून काय दिसते ते पाहू," म्हणले अन थेट शेषरावच्या दारात शिरले.

"ओ काका, थांबा!" शेषराव आडवा झाला. "आत बायका हायेत. खाकरून तरी या!"

अर्जुनराव उंबऱ्यातच थांबले. "काऊन बे? मी कुठं काही पाह्यलं?"

"पाह्यलं नाही, पण..."

"मंग? म्या खाकरावं, अन तुह्यी खिडकी कव्हा खाकरते?"

आतून शेषरावची बायको अन्नपूर्णाबाई खुदकन हासली. मले माडीवर आइकू आलं. पंचायनं सांगतलं, डोळा लावला तरच गुन्हा, असं नाही. माणसाले त्याच्या घरात बिनघोर राहू न देणं, हाही गुन्हाच.

कोणी म्हणलं, इटा लावून बुजवा तिले. पण मंजुळाबाईच म्हणली, "राहू द्या. कापसाले हवा पाह्यजे. सकाळी तेवढी बंद ठेवा. अन तिले तेल देऊ नका. उघडली तर मले आइकू आलं पाह्यजे."

तवापासून थेंबभर तेल नाही. आता उघडली का अशी खाकरते, का गल्लीतलं कुत्रं उठून बसते! अन मंजुळाबाई होती तवर खाली कोवळ्या उन्हात, कढत पाण्यानं, गाणं म्हणत न्हायची. मुकी होती तवा माह्यी तारीफ होती. पण सुख मले आवाज फुटल्यावर भेटलं.

माह्या वयाच्या जुन्या वस्तू म्हणतात, आमाले पुसा, तेल द्या, रंग द्या. मले काही नको, पोट्टेहो. तेलाची कुपी घेऊन कोणी माडीवर चढलं, तर त्याले खाली धाडा. अन दुसऱ्याच्या घरी गेले, का आंधी खाकरा. दार सताड उघडं असलं तरी.