सात गंजीफ्रॉक आणि एक खेकडा

भुकूमच्या पोरांना हुतुतू उघड्या अंगानंच खेळायची सवय. पण त्या भादव्यात पौडच्या सामन्यांचं पत्रक आलं, आणि त्यात लिहिलेलं की प्रत्येक संघानं एकसारखे गंजीफ्रॉक घालावेत, छातीवर आपापल्या गावाची खूण असावी. झालं! हैबतराव पाटलांनी सात पांढरे गंजीफ्रॉक काखोटीला मारले आणि नथू शिंप्याचं दार गाठलं.

"वाघ काढायचा," पाटील म्हणाले. "डरकाळी फोडणारा. मागं डोंगर, डोंगराआडनं सूर्य, आन् वाघाच्या पंजात तलवार."

"पाटील, जागा तळहाताएवढी हाय," नथू म्हणाला.

"मग बारीक काढा की!"

आतल्या उंबऱ्याशी नथूची बायको सगुणा पदर सावरून ऐकत होती. रिहे गावची ही लेक; घरातलं भरतकाम तिच्याकडं. तिच्या बोटांतून रोज सकाळी दारात रांगोळीचा मोर उतरायचा, आणि दुपार व्हायच्या आत कोंबड्या तो पायानं विस्कटून टाकायच्या. तिचं एकही चित्र आजवर दिवसभर टिकलं नव्हतं. आता मात्र ते माणसांच्या छातीवर बसून पौडपर्यंत जाणार होतं! नुसत्या विचारानं तिच्या बोटांना गुदगुल्या झाल्या.

पाटलांनी सांगितलं तस्संच तिनं केलं. दोन दिवस मान मोडून पहिला गंजीफ्रॉक भरला, आणि संघातला सगळ्यांत आडवा गडी, भिकू, तो घालून अंगणात उभा राहिला. विणलेलं कापड ते, छातीवर ताणलं गेलं. वाघाचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं, सूर्याची भाकरी झाली, तलवारीचा विळा झाला.

"आरं, वाघ कसला? दूध पिऊन जांभया देणारं मांजार हाय हे!" संघाचा म्होरक्या कोंडाजी पोट धरून हसला.

पाटील हसले नाहीत. "उद्या पुण्याला जातो. तितं दुकानात तयार वाघ मिळत्यात."

सगुणानं उंबरा ओलांडला. "पाटील, एक दिस द्या. कापड ताणतंय, ते मी ध्यानात घेतलं न्हाई. माझी चूक हाय, मीच निस्तरते."

पाटलांनी तिच्याकडं पाहिलं, मग भिकूच्या मांजराकडं. "उद्या सांजंपातुर. न्हाई जमलं तर परवा पयल्या गाडीनं पुणं."

सकाळी ती भाताच्या खाचरात गवत काढायला गेली, पण ध्यान सगळं त्या ताणलेल्या कापडात. ताणलं तरी बिघडू नये असं काय असतं? उंच चीज ताणली की वेडीवाकडी दिसते. मग मुळातच आडवं, पसरट असलेलं... तेवढ्यात बांधाच्या बिळातून एक खेकडा बाहेर आला. तिला पाहून थबकला, आणि एक नांगी मोठी, एक लहान, अशा दोन्ही उगारून चिखलात ठाण मांडून बसला. सगुणा गवत तिथंच टाकून घरी पळाली.

वाघ उसवून त्याच जागी कोळशानं काढलेला तो खेकडा दहा रेघांचा होता. डोंगर नाही, सूर्य नाही. पण संध्याकाळी भिकूच्या छातीवर ताणला, तर बिघडायच्या ऐवजी खाऊनपिऊन माजल्यासारखा दिसायला लागला.

"खेकडा?" पाटील ओरडले. "शेजारच्या उरवड्याची माणसं हसतील की आपल्याला!"

"पाटील, बिळात हात घातलाय का कधी?" कोंडाजीनं विचारलं.

"घातलाय की."

"मग तवा हसला व्हता?"

पाटलांनी नकळत आपल्या अंगठ्याकडं पाहिलं आणि तो मुठीत दाबून चालू लागले. नथू म्हणाला, "लाग कामाला. व्हय म्हनले ते."

सामना दोन दिवसांवर. सगुणानं चित्र कागदावर उतरवून त्याच्या रेघांवर सुईनं भोकं पाडली. तो कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा, की खाली ठिपक्याठिपक्यांचा खेकडा उमटतो. चार सगुणानं उमटवले, तीन तिच्या सासूनं, गोजराबाईनं. जिनं उमटवले तिनंच भरायला घेतले. टाके घालता घालता सगुणा गुणगुणू लागली:

बांधाच्या ग घरात नांदतो खेकडा,
पाहुणा आला त्याचा धरीतो तंगडा.

"पाव्हण्याला असं करत्यात व्हय गं?" गोजराबाई म्हणाली, आणि पुढच्या ओळीला तिनंही सूर धरला.

सामन्याच्या सकाळी सातही गंजीफ्रॉक बाजेवर मांडले, तेव्हा सगुणानं त्यांच्या नांग्या पुन्हा एकदा मोजल्या. चार खेकड्यांची मोठी नांगी उजवीकडं, तिघांची डावीकडं! निळीनं कागद दोन्ही अंगांनी निळा झालेला. गोजराबाईनं तो उलटा ठेवला होता.

"मला मेलीला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या," सासू कपाळाला हात लावून म्हणाली.

पाटील दारातच उभे होते. "एका गावाच्या दोन खुणा? पोरं उघडीच खेळतील. गुंडाळ ते!"

सगुणानं गुंडाळले नाहीत. तिला खाचरातला तो ठाण मांडलेला खेकडा आठवत होता. "कोंडाजी भावजी, चढाईवाला आला की तुमी उभं कसं ऱ्हाता?"

"हाताला हात धरून, साखळी करून."

"मग डाव्या अंगाला हे तिघं, उजव्या अंगाला हे चौघं. ऱ्हावा बरं."

पोरांनी कपडे चढवले आणि अंगणात साखळी धरली. दोन्हीकडच्या मोठ्या नांग्या बाहेरच्या बाजूला आल्या. साखळी वाकली, टोकं पुढं सरकली, आणि सात माणसांचा मिळून एकच भला थोरला खेकडा अंगणात तयार झाला. गोजराबाई दोन पावलं मागं सरली.

"आगं आई!" ती म्हणाली.

पाटलांनी साखळीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "गाडी जुंपा."

पौडला पहिलाच सामना उरवड्याशी. त्यांचा चढाईवाला 'हुतुतू' करत आला, आणि समोर वाकणारी ती साखळी बघून रेघेवरच घुटमळला. तेवढ्यात भिकूनं त्याचा घोटा धरला, आणि तो सामना भुकूमनं मारला. पुढच्या फेरीत भुकूम हरलं, पण तोवर सगळं मैदान "धर, खेकड्या, धर!" म्हणून ओरडायला लागलं होतं. सगुणा बायकांच्या घोळक्यात उभी होती. शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "कुनी काढलंय गं हे?" सगुणा म्हणाली, "मी." एवढंच म्हणायला तिला लई बरं वाटलं.

चार दिवसांनी पाटील पुन्हा नथूच्या दारी आले. इकडंतिकडं बघत त्यांनी काखेतून आपली अंगात घालायची कोपरी काढली.

"हितं, आतल्या अंगाला एक काढ. भायेरनं दिसाया नगं."

"कंची नांगी मोठी ठिवू?" सगुणानं विचारलं.

पाटलांनी आपले दोन्ही हात पुढं धरून नीट न्याहाळले.

"दोनी मोठ्या काढ," ते म्हणाले. "पाटलाचा हाय."