आवाज बंद, टीव्ही चालू

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि समाजाच्या वैचारिक जडणघडणीत माझा मोठा वाटा आहे. एका विद्वानाने उभी हयात माझ्याकडे बघण्यात घालवली. शेजारचे आजोबाही तेच करत. फक्त त्यांना त्याचा पगार नव्हता.

माझ्या खोक्यावर 'खणखणीत आवाज' असे छापले होते. त्या विद्वानाने, म्हणजे सरांनी, मला घरी आणून लोखंडी कपाटावर बसवले आणि पहिल्याच दिवशी माझा आवाज बंद केला. सर महाविद्यालयात माध्यमांची चिकित्सा शिकवत. आवाज गेला की माणूस बातमी नीट बघतो, असे त्यांचे म्हणणे.

"नशीब, रेडिओ नाही घेतलात," काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत.

ती वर्षे मानाची होती. सर आपल्या लेखांत मला 'संमोहनाचे यंत्र' म्हणत. मला विकणारा दुकानदारही माझ्याबद्दल इतके चांगले बोलला नव्हता.

मग दिवस फिरले. विषयाला विद्यार्थी मिळेनात. प्राचार्य घरी आले आणि चहा संपवून म्हणाले, "सर, यंदा वर्ग भरला नाही तर विषय बंद. तुम्ही ग्रंथालय बघा."

त्याच आठवड्यात एका वाहिनीने सरांना चर्चेला बोलावले. काकूंनी प्रथमच माझा आवाज सुरू केला. सर माझ्यात दिसू लागले.

"बाजारातल्या आगीची ही ताजी दृश्यं," निवेदक म्हणाला. "आमच्या माणसानं जीव धोक्यात घालून टिपलीत. आता तरी आमचं कौतुक कराल की नाही?"

सरांनी वळून पडदा पाहिला. "हा कुत्रा माझ्या ओळखीचा आहे."

"कोण?"

"तो लंगडा, एक कान पांढरा. गोदामाच्या आगीत इथूनच पळाला होता. गिरणीच्या आगीतही. तुमच्याकडे आग एकच आहे हो, पत्ते तेवढे बदलता."

निवेदकाने घाईघाईने जाहिराती लावल्या.

"बस आता बोंबलत," काकू निवेदकाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाहिनीने जाहीर माफी मागितली. रस्त्यात लोक सरांना थांबवून हात मिळवू लागले. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन आले आणि ग्रंथालयाचे नाव काढले नाही. प्रवेशासाठी रांग लागली. विषय वाचला.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका. अधूनमधून धूळ पुसा. विद्वानांचीही पुसा.

पहिला तास घेऊन सर घरी आले.

"भरला का वर्ग?" काकूंनी विचारले.

"खच्चून. सगळ्यांना निवेदक व्हायचंय."