झाकलेली तबकडी

"ढगात शिरलं ना पोरी, की पोट खोटं बोलतं. वर चाललोय की खाली, ते काटाच सांगतो." डोंबिवलीच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारचे वैमानिक महेंद्रकाका हे म्हणाले, तेव्हा क्षिप्रा पाचवीत होती. तो आवाज तिच्या कानात असा मुरला, की मोठेपणी ती ठाण्यात विमानांची उपकरणंच घडवू लागली.

आणि आता त्याच काकांचा तिला संशय येत होता.

शिकाऊ वैमानिकांच्या विमानासाठी तिनं उंची दाखवणारा नवा पडदा केला होता. तबकडी नाही, काटे नाहीत. आकड्यांची उभी पट्टी, रहाटाच्या दोरासारखी वरखाली सरकणारी. काका निवृत्त वैमानिक, म्हणून तपासायला तिनंच त्यांना बोलावलं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सरावाचं लाकडी कॉकपिट होतं, समोर मोठ्या पडद्यावर खोटं आभाळ; त्यात ते रोज बसत. उंची विचारली की उत्तर बरोबर, शेरा एकच: "छान जमलंय हो." पण उत्तराआधी मान हळूच डावीकडे कलायची.

डोळे अधू झाले असतील? तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. "काका, त्या रिक्षाचा नंबर काय हो?"

"आता रिक्षा चालवायला लावतेस का मला?" म्हणत त्यांनी तो घडाघडा वाचला.

मग साहेबांनी पढवलं असेल. विनीतसरांना या आठवड्यात मंजुरी हवीच होती. ती मिळाली की हाच पडदा खऱ्या विमानात बसणार, त्याच्यापुढे कोवळी पोरं बसणार. क्षिप्राला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ती काकांच्या पाठीमागेच उभी राहिली, आणि तिला दिसलं. पडदा बंद पडलाच तर असावी म्हणून डाव्या कोपऱ्यात जुनी गोल तबकडी ठेवली होती. काकांची नजर त्या तबकडीवरच. पट्टीकडे ते बघतच नव्हते.

तिनं तबकडीवर कागद चिकटवला.

"हे काय गं?"

"बिघडलीय असं समजा. उतरवा विमान."

समोर ढग दाटले. पट्टी सरकली. काकांनी दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. कपाळ घामेजलं. समोरचं आभाळ लाल झालं. विमान जमिनीवर आपटलं होतं.

"काका, विनीतसरांनी सांगितलेलं का तुम्हाला, छान म्हणा म्हणून?"

"त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये ओढतेस." काका दांड्यावरचा हात काढेनात. "अख्ख्या सोसायटीत मीच सांगत फिरलो, आपल्या क्षिप्रानं विमानाचं यंत्र केलंय. मग मीच नावं कशी ठेवू?"

तिनं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

"विमान वर चढतं तेव्हा तुझे आकडे खाली सरकतात गं. मला वाटतं, पडतोय. तुझी पट्टी मला पहिल्या दिवसापासून वाचता आलेली नाही. तिच्या भरवशावर कुणाच्या पोराला वर पाठवू नकोस."